दुपट्यातल्या तुळया

हमरस्त्याचा जुना पूल गंजून इतका कुरतडला होता की भोकांतून खालची नदी दिसायची. तपासनीस बाईची लेक पाळणाघराच्या गाडीने रोज त्यावरूनच जाई, आणि गाडी पलीकडे पोचल्याचा फोन येईपर्यंत बाईच्या घशाखाली चहा उतरत नसे.

नव्या पुलाच्या पोलादी तुळया वितळलेल्या जस्तात बुडवून आणल्या होत्या. वरचं जस्त झिजेल, पण आतलं पोलाद राखेल. पुलाच्या कामावरच्या साहेबांना मात्र राखणीपेक्षा चकाकीचं कौतुक! उद्घाटनाला तुळया आरशासारख्या दिसाव्यात म्हणून त्यांनी त्या एकावर एक रचून प्लास्टिकमध्ये गच्च बांधायला घेतल्या.

"साहेब, मध्ये ठोकळे घाला, वारा लागू द्या," बाई म्हणाली.

"का? लेकराला दुपट्यात गुंडाळता ना? तसंच हे!"

"ओल्या दुपट्यात नाही गुंडाळत. पुरळ येतं."

मुकादमापासून सगळे खिदळले. साहेबांचा विनोद म्हटल्यावर हसणं नोकरीतच येतं.

काही दिवसांनी प्लास्टिक सोडलं, तर आत दवाचं पाणी साचलेलं आणि तुळयांवर पावडरचा डबा सांडावा तसा पांढरा भुगा. जस्तालाच गंज चढला होता.

साहेब मात्र कसले खजील होतात! "चंदेरी रंग फासा. खालचं बघतंय कोण?"

"मी. घासून, जस्ताची जाडी मोजल्याशिवाय एकही तुळई चढणार नाही."

"उद्घाटन पुढे जाईल! आई आहात, म्हणून भिता."

"भिते ना. तुम्हाला कसली भीती? तुमची गाडी पूल टाळून लांबच्या वळणाने जाते."

साहेबांनी मुकादमाला घासायला माणसं लावायची खूण केली.

बहुतेक तुळयांचं जस्त शाबूत निघालं. तळच्या दोन पार खाल्ल्या गेल्या होत्या. त्या परत पाठवायच्या, म्हणजे लेकीची गाडी आणखी काही दिवस त्याच गंजक्या पुलावरून. तरी बाईने त्या परत पाठवल्याच.

दोन्ही तुळया नव्या जस्तात न्हाऊन आल्या. साहेबांचे डोळे पुन्हा लकाकले.

"अरे, ते प्लास्टिक आणा!"

"ते होय? पाळणाघरात दिलं," बाई म्हणाली. "मुलं रंगवायला बसली की खाली अंथरतात. ती काही लपवायला रंग फासत नाहीत, साहेब."

आणि तिने ठोकळे पुढे सरकवले.