अफशीनचा बाजार

वसमतच्या शाळेत भिंतीवर आठवडी बाजार रंगवायचा होता. प्रियदर्शनीबाईंनी सातवीच्या पोरांचे गट पाडले. थोड्याच वेळात रुद्र तक्रार घेऊन आला, "बाई, अफशीन माणसं काढत न्हाई."

"आमच्यात चेहरे काढत न्हाईत, बाई," अफशीन खाली मान घालून म्हणाली.

बाईंना एकदम आपली लहानपणीची डोंगरकड्याची शाळा आठवली आणि त्यांच्या बाकावर बसणारी नाहिद. तीही असंच म्हणाली होती. संतराम गुरुजी रागावले नव्हते. "दुकानं तू मांड, माणसं ही आणील," छोट्या प्रियदर्शनीकडे बोट दाखवत एवढंच बोलले. मग दोघी दुपारभर एकाच कागदावर वाकून रंगवत बसल्या. नाहिदनं केळीचे घड इतके हुबेहूब काढले, की गुरुजींनी ते चित्र वर्षभर वर्गात लावून ठेवलं. लग्न होऊन ती लांब गेली, त्याला किती वर्षं झाली!

"अफशीन, तू बाजार मांड. माणसं रुद्र आणील," बाई म्हणाल्या.

अफशीननं हळदीचे ढीग रंगवले, वर पाल ताणलं. रुद्रनं ब्रश उचलला अन् तिलाच विचारलं, "म्हातारीला कुठं बसवू?"

"सावलीत बसव की. उन्हात काहून बसंल ती?"

बाई हसल्या. नाहिदला फोन करावा, असं त्यांना फार दिवसांनी वाटलं.