मंगळाची बॅटरी

पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या पिंपळटोल्याला सरकारने रेडिओ दिला, तेव्हा तो कोणाच्या ताब्यात द्यायचा यावर पंचायत तीन वेळा बसली. सरपंच भैयाजींना कुठलं बटण कुठे फिरवायचं ते कळत नव्हतं, आणि ज्याला कळत होतं त्याच्या हाती किल्ली देणं त्यांच्या जिवावर येत होतं. कळत होतं एकट्या नानाजी तारबाबूला. नागभीड स्टेशनात एकतीस वर्षं तारेचा खटका वाजवून तो पेन्शनीत आला होता. शेवटी रेडिओच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे गेली आणि आठवड्याच्या आत त्याला रामराम करणारे दुप्पट झाले. पेन्शनीतल्या माणसाला आणखी काय लागतं.

गावात वीज नव्हती. रेडिओ चाले तो मोठ्या विटेएवढ्या कोरड्या बॅटरीवर. रोज संध्याकाळी एक तास लावला तर ती दिवाळीपर्यंत पुरेल आणि दुसरी त्यानंतरच मिळेल, असं चांद्याचा साहेब बजावून गेला होता.

हे सन छप्पनचं. त्या उन्हाळ्यात लटारूची दंडार मंडळी नागपूरच्या आकाशवाणीवर गाऊन आली. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतली रात्रभर चालणारी नाचगाण्याची सोंगं. लटारू तिचा मुख्य गाणारा. पोळ्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला गाणं लागेल, असं पोस्टकार्ड आलं. लटारूने ते इतक्या जणांना दाखवलं की त्याच्या घड्या फाटल्या. वाचता न येणाऱ्यांना तर त्याने दोनदोनदा दाखवलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, पोरं लाकडी नंदी ओढत गावात फिरत होती. दिवेलागणीनंतर नानाजी शाळेच्या ओट्यावर माझ्याकडे आला.

"मास्तर, तुमच्या पेपरात मंगळाचं आलं होतं नं?"

"आलं होतं. बत्तीस वर्षांत इतका जवळ आला नाही म्हणे."

"पुन्हा इतका जवळ कवा येते?"

"पंधरा वर्षांनी."

त्याने वय मोजलं. ओठ हलले त्यावरून समजलं. "मंग आताच सांगा लागते," तो म्हणाला.

गेले दोन महिने कार्यक्रम आटोपून गाव घरी गेलं की नानाजी कपाटाला कुलूप लावत नव्हता. काटा शॉर्टवेव्हवर नेऊन, जिथे कुठलंच स्टेशन नाही अशा रिकाम्या जागा तास तास ऐकत बसत होता. तिकडच्या मंगळावर कोणी असेल तर जवळ आल्यावर हाक मारेल, एवढा साधा त्याचा विचार. आणि त्या संध्याकाळी त्याला हाक ऐकू आली होती.

"चार खटके. मंग थांबा. मंग तेच चार. वीस मिनिटं, मास्तर."

"एखादं जहाज असेल. नाहीतर पलटण."

"जहाजाचा हात मले समजते. पलटणीचाबी."

तारबाबूंना हा अभिमान असतो. एका तारेवर दहा स्टेशनं. सगळ्यांचे खटके सगळ्यांना ऐकू येतात, पण आपल्या स्टेशनाची खूण वाजली तरच बाबू मान वर करतो. पलीकडचा बाबू जेवून बसला आहे की उपाशी, हे खटक्यावरून आपण ओळखायचो, असं नानाजी सांगे. मी ते खरं धरत नव्हतो, पण सांगताना तो इतका खूश असे की खोडून काढायचं धाडस झालं नव्हतं.

"मग हा हात कसा होता?" मी विचारलं.

"घाई नोती त्याले. आता उत्तर येते, मंग येते, असं नाई. हाक मारत राहाची म्हणून मारत होता."

यावर चेष्टा करायला माझ्याकडे दोन वाक्यं तयार होती. ती मी ठेवून दिली.

"एकदा आयकलेली तार तार नसते," तो उठताना म्हणाला. "दुसऱ्या खेपेस जुळली पायजे. जुळली का नागपूरच्या प्रोफेसरले लिहितो."

गुरुवारी त्याने पुन्हा रेडिओ लावला आणि पाचव्या मिनिटाला आवाज बारीक होत गेला. दिवाळीपर्यंतची बॅटरी त्याने भाद्रपदातच संपवली होती. आता उरली असेल तर पाव-अर्ध्या तासाची. ती मंगळाला द्यायची की लटारूला, असा प्रश्न होता. आणि मंगळ उगवायचा तोही संध्याकाळीच.

शुक्रवारी त्याच्याकडे गेलो तेव्हा बॅटरी चुलीशेजारी पाटावर शेकत होती. ऊब दिली की ती थोडी जीव धरते. त्याची बायको सुगंधाबाई तिला वळसा घालून भाकरी थापत होती.

"पाहा मास्तर," ती म्हणाली, "एकतीस वर्षं नागभीडले खटखट आयकली, आता आभायातली खटखट. मी इथी हाका मारून राह्यली, ते नाई आयकू येत."

"तुझ्या हाकेत घाई असते," नानाजी म्हणाला.

दुपारी तो मला घेऊन भैयाजींकडे गेला आणि बॅटरी उतरली आहे असं सांगून टाकलं. भैयाजींनी पानाचा डबा बंद केला.

"कशी उतरली गा?"

"मी जास्तीची लावत होतो."

"मले ठाऊकच होतं. तुम्ही सिलोनचे गाणे आयकता. सिनेमातले." भैयाजींचा चेहरा खुलला. "या वयात, नानाजी?"

नानाजीने माझ्याकडे पाहिलं. मंगळाचं सांगितलं तर गाव वेडा म्हणणार. सिनेमाचं कबूल केलं तर नुसता रंगेल. दोन्ही बाजू त्याने तोलल्या.

"हो," तो म्हणाला. "सिलोन."

"उद्या लटारूचं गाणं आयकू नाई आलं तं किल्ली माझ्याजवळ," भैयाजी म्हणाले. "मंग बसा घरी."

शनिवारी पाच वाजल्यापासून पंचायतीसमोर गाव जमू लागलं. लटारू नवा फेटा बांधून अगदी रेडिओसमोर बसला, जसं काही आतून कोणी त्याला पाहणार होतं. त्याच्या शेजारी गावाबाहेर राहणारा गोंड कोलू. रेडिओची तार झाडाच्या शेंड्याला त्यानेच बांधली होती, त्यामुळे पुढच्या जागेवर त्याचा हक्क होता.

सहा वाजून पंचवीस मिनिटांनी नानाजीने चुलीशेजारी शेकलेली कोमट बॅटरी जोडली. मी त्याच्या मागे उभा होतो. काटा गुरुवारी सोडला त्याच जागी होता, शॉर्टवेव्हच्या रिकाम्या टापूत. रेडिओतले काचेचे दिवे तापले. मग खरखर आली, आणि खरखरीत काहीतरी. तांदळाच्या कोठीत उंदीर असावा तसं. चार वेळा होतं की पाच, मी शपथेवर सांगणार नाही.

नानाजीची मान मात्र वर झाली. बोटं बटणावर तशीच राहिली.

"लागलं का गा?" लटारूने विचारलं.

नानाजीने डोळे मिटले आणि बटण फिरवून नागपूर लावलं.

गाणं नऊ मिनिटांचं होतं. पहिल्या कडव्यात लटारूचा आवाज उंचावर फाटला, दुसऱ्यात सावरला, आणि शेवटचं कडवं सुरू होताच रेडिओ विझला. लोकांनी उरलेलं स्वतःच म्हणून पूर्ण केलं. भैयाजींनी किल्लीचा विषय काढला नाही.

गर्दी पांगल्यावर कोलू उठला नाही.

"बाबू, बुधवारी मी झाडावर तार ओढून राह्यलो होतो," तो म्हणाला. "तू गाणं आयकत नोता. ठोकठोक होती."

नानाजीने त्याला सगळं सांगितलं. कोलूने नवल केलं नाही.

"मंग तू काय म्हणला त्याले?"

"या डब्ब्यातून म्हणता येत नाई. फकत आयकता येते."

"हे बरोबर नाई, बाबू. जंगलात कोणी आरोळी देल्ली तं आपण आरोळी देतोच. तो कोण, ते मंग. गप राह्यलं का तो समजते, इथी कोणीच नाई."

नानाजीने अंगणातून वर आभाळात पाहिलं. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"गेली," तो म्हणाला. "आज गेली आरोळी. नागपूरहून निघालं ते काही आपल्यासाठीच थांबत नाई. बरंच आभायातून परत खाली येते, पण एखादा थेंब वर झिरपत असन. मंगळापर्यंत तीन मिनिटांचा रस्ता आहे. दुसरं कडवं इथी चालू होतं तवा पयलं तिथी पोचलं."

लटारू तिथेच फेटा सोडत होता. तो थांबला.

"पयलं?" त्याने विचारलं. "जिथी माहा आवाज फाटला ते?"

"तेच."

लटारू काळजीत पडला. "मास्तर," तो म्हणाला, "नागपूरले कार्ड टाका. म्हणा, पुन्हा बलावता का. या खेपेस घसा धरून गाईन."

रविवारी मी कार्ड लिहिलं. नानाजी शेजारी बसून होता.

"अन् प्रोफेसराला?" मी विचारलं.

"त्याले कायले?" तो म्हणाला. "आपलं उत्तर गेलं नं."