सव्वीस वर्षांची खाज

"मेंढरं कातरायच्या दिवशीच बरी तुझी खाज उठते!" मेंढीतात्या ओरडला. "काम दिसलं की अंगावर चट्टे!"

बायको लोकर गोणीत दाबत होती. उन्हानं जमीन भेगाळली होती आणि घाम तिच्या हातावरच्या ओरबाड्यांत उतरून आग आग करत होता. गावातल्या बायका तिच्या हातचं पाणी घेताना मागेपुढे बघायच्या. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि तात्याचं काही जळत नव्हतं.

त्या दिवशी मात्र तिचे डोळे सुजून मिटले, तेव्हा तो घाबरला. मलमं सगळी लावून झाली होती. तिला घेऊन तो बाजारातल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

बाईंनी हात तपासले, वही उघडली आणि विचारायला लागल्या. तात्याला वाटलं, आपण बायको दाखवायला आणलीय की मुलगी दाखवायला?

"यांना गोड आवडतं की खारट?"

"गोड," तात्या म्हणाला.

"खारट," बायको हळूच म्हणाली.

"तहान लागते?"

"लागते की! उन्हातलं काम."

"नाही हो बाई. पाण्याची आठवणच होत नाही मला."

"झोपता कुठल्या कुशीवर?"

तात्यानं बायकोकडं बघितलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण तो झोपायचा मेंढरांच्या कुंपणात. कुठली मेंढी कुठल्या पायानं अधू आहे, हे त्यानं झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

"रडू कधी येतं?"

"ही? हिला रडताना मी बघितलंच नाही कधी!" तो मोठ्या तोऱ्यात म्हणाला.

बायको तिथंच, खुर्चीत, हमसून हमसून रडायला लागली. तात्याला कुठं बघावं कळेना. त्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली.

बाईंनी साखरेच्या गोळ्यांची बाटली दिली. "गोळ्या चालू करू. पण यांच्या अंगाला लोकर सोसत नाही. तिच्यापासून लांब राहिल्या नाहीत, तर नुसत्या गोळ्यांचा भरवसा मी देणार नाही. तीन महिने दुसरीकडं राहू द्या."

ती भावाकडं गेली. तात्या हातानं भाकरी थापायचा, अर्धी जाळायचा, अर्धी खायचा. महिन्याच्या महिन्याला गोळ्यांची बाटली घेऊन तिच्याकडं जायचा आणि कपड्यांना लोकर असते म्हणून फाटकाबाहेरूनच परत फिरायचा. घर त्याला खायला उठायचं. ती नसेल तर मेंढरं कुणासाठी राखायची, असा विचार त्याच्या डोक्यात घोळायला लागला आणि शेवटी त्यानं अख्खा कळप विकला. व्यापाऱ्याची गाडी निघाली, तेव्हा मेंढरांबरोबर तोही ओरडत होता. मग त्यानं जुने कपडे जाळले, भिंतींना चुना दिला, नवा सदरा घातला आणि बायकोला आणायला गेला.

ती अंगणात सुपात धान्य निवडत बसली होती. हात कोपरापर्यंत स्वच्छ, लग्नात होते तसे. तात्याचे डोळे भरून आले.

"चल घरी. मेंढरं विकली. लोकरीचा एक केस नाही ठेवला घरात."

"सगळी विकली? कोकरंसुद्धा?"

"सगळी. तुझ्यासाठी गं."

तिच्या हातातलं सूप खाली आलं. "मी मागितलं होतं का हो? निदान विचारायचं तरी." तिनं सूप बाजूला सारलं. "अंग बरं झालं माझं. गोळ्यांनी म्हणा, लोकर सुटली म्हणून म्हणा. पण इथं भावजय रोज सकाळी विचारते, वन्सं, झोप लागली का? पहिल्या दिवशी मला उत्तरच देता येईना. मी नाही येत आता."

बैल गेला नि झोपा केला म्हणतात. तात्यानं तर कळप विकून झोपा केला होता.

"मग मी काय करू?" तो कसाबसा म्हणाला. "कुठं जाऊ मी?"

"बघा. आत्तासुद्धा तुमचंच विचारलंत."

ती रागानं बोलली नव्हती, म्हणून तर त्याला ते जास्त लागलं. तो नव्या सदऱ्यात तसाच उभा राहिला. भावजय आतून आली आणि पाहुण्याला द्यावा तसा तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं धरला.