पाच भोकांचं चाक

बाबांनी चाक टेबलावर आडवं टाकलं, पोलादी पट्टी एका भोकाच्या मध्यावर ठेवली, मधलं एक भोक सोडून पुढच्याच्या मध्यापर्यंत नेली आणि आकडा वाचला.

"एकशे चौदा. घ्या मास्तर, तुमच्याच गाडीसाठी जन्माला आलंय हे."

मास्तर खूश झाले. दुकानाच्या कोपऱ्यात नट निवडत बसलेल्या बाबांच्या सुनेचा हात मात्र जागच्या जागी थांबला. असं मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात ते चार भोकांचं चाक. तिथे भोकं समोरासमोर असतात. पाच भोकांत कुणीच कुणाच्या समोर नसतं. म्हणून पट्टी पहिल्या भोकाच्या बाहेरच्या कडेपासून धरायची, नाहीतर आकडा पाच-सहा मिलिमीटर कमी भरतो आणि चाक गाडीला बसत नाही. हे तिला सासऱ्यांनीच शिकवलं होतं. लग्न होऊन ती दुकानात यायला लागली तेव्हा "सूनबाई, पुन्हा मोजा" म्हणून त्यांनी तिला नुसतं सळो की पळो करून सोडलं होतं.

गेल्या महिन्यातही बाबांनी कुणाला तरी भलतंच चाक दिलं होतं. गिऱ्हाईक भलं, हसत परत घेऊन आलं. पण तिच्या नवऱ्याने, बाबांच्या परगावी नोकरी करणाऱ्या मुलाने, फोनवरून बजावलं होतं, "आणखी एकदा चुकले की बाबा घरी. आणि तू माझ्यापासून लपवायचं नाहीस." तिने हो म्हटलं होतं. पण बाबांना घरी बसवलं तर ते दोन महिन्यांत खंगतील, हेही तिला स्वच्छ दिसत होतं.

"गाडी आणली असतीत तर बसवूनच बघितलं असतं," ती उठत म्हणाली.

"ती सामान भरून घरी दारात उभी आहे. मी मेहुण्याच्या गाडीने आलोय," मास्तर म्हणाले. "उद्या सकाळी शहरात आमच्या हिचं ऑपरेशन. आणि नेमकी कालच स्टेपनी चोरीला गेली. वाटेत तास तास माणूस दिसत नाही हो. म्हटलं, स्टेपनीशिवाय निघायचं नाही."

तिला ते डोळ्यांसमोर दिसलं. आडरस्त्यावर टायर फुटलेलं, बायको मागच्या सीटवर, आणि मास्तर हे न बसणारं चाक हातात घेऊन उभे.

"बाबा, मी एकदा मोजू? बऱ्याच दिवसांत पाच भोकांचं हातात आलं नाही."

"मोजा की." बाबांनी पट्टी ऐटीत पुढे केली आणि मास्तरांकडे वळले. "तयार केलीय आम्ही हिला."

तिने कडेपासून पट्टी धरली. अंगठा एकशे वीसवर जाऊन टेकला. तिने तो तसाच दाबून ठेवला.

"बाबा, याचं एक भोक झिजलेलं दिसतंय. लांबच्या प्रवासाला नको. मास्तरांना मागचं ते काळं देऊया का?"

बाबांनी वाकून भोकाकडे पाहिलं. भोक अगदी नव्यासारखं होतं. मग त्यांची नजर तिच्या अंगठ्यावर गेली आणि तिथेच थांबली. मास्तर घड्याळ बघत होते.

"काळं द्या," बाबा म्हणाले.

काळं चाक तिने दोनदा मोजलं, मास्तरांनी गाडीचा आकडा लिहून आणलेल्या कागदाशी ताडून पाहिलं आणि स्वतः उचलून मेहुण्याच्या गाडीत ठेवलं. गाडी वळणाआड गेली तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

आत बाबा स्टुलावर बसले होते. समोर तेच पहिलं चाक. पट्टी हातात होती, पण ते मोजत नव्हते. तेवढ्यात नवऱ्याचा नेहमीचा दुपारचा फोन आला.

"बाबांचं काय? ठीक ना सगळं?"

"अगदी ठीक," ती म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. आवाज उगाच मोठा झाला. "काही चुकलं-बिकलं नाही."

"द्या इकडे," बाबांनी हात पुढे केला. तिने नको म्हणून मान हलवली, पण त्यांचा हात तसाच राहिला. तिला फोन द्यावा लागला.

"अरे, चुकलं," बाबा म्हणाले. "पाच भोकांचं चार भोकांसारखं मोजलं. होय, मीच. एका माणसाची बायको अडकून पडली असती रस्त्यात. हिने धरलं, आणि त्याच्यासमोर माझा शब्दही खाली पडू दिला नाही." पलीकडून मुलाने घरी बसायचा विषय काढला. "नाही. घरी नाही बसणार. ते तुझं तू मनातून काढून टाक. आजपासून मोजमाप हिच्याकडे. मी हिच्या हाताखाली."

त्यांनी फोन परत दिला, पाठोपाठ पट्टीही. ती तिने दोन्ही हातांनी घेतली. तिचे डोळे भरून आले होते, म्हणून तिने मान वर केली नाही.

बाबा स्टुलावरून उठले आणि थोडे अवघडून तिच्यासमोर उभे राहिले.

"उद्या किती वाजता येऊ?" त्यांनी विचारलं.