एक इकडचा, एक तिकडचा

मारणाऱ्याचा हात धरता येतो, पण बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, असं म्हणतात. यंदा गल्लीनं ठरवलं होतं, दोन्ही धरायचं.

मतदानाच्या दिवशी शिंपीणताईचं दुकान उघडं होतं, पण शिलाई बंद. टेबलावर कापडाऐवजी फोन. कुणी म्हणालं, अमुक कोपऱ्यावर आपल्या माणसांना मारलं, की आधी इथं कळवायचं. मग एक जोडी जाऊन डोळ्यांनी बघून यायची. जोडीत एक इकडच्या पक्षाचा, एक तिकडचा. दोघांनी मान डोलावली तरच बातमी खरी. याच जोड्या म्हाताऱ्या माणसांना हात धरून शाळेतल्या मतदान केंद्रावर नेत होत्या. ताईच्या जोडीला होता पंक्चरवाला. पक्षाचं नाव निघालं की दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, बाकी वेळी तिच्या सायकलीत हवा भरायचे पैसे त्यानं कधी घेतले नाहीत.

एक शहाणपणा मात्र अंगाशी येणार होता. "ओळखीसाठी बिल्ले शिवू का?" असं ताईनं विचारलं, तेव्हा सगळे हसले. "गल्लीत कोण कुणाला ओळखत नाही? बिल्ले कसले लावताय, आपण काय लग्नातले वाढपी आहोत?" ताईलाही ते पटलं.

तिचा जीव आज एकाच माणसात अडकला होता, तो म्हणजे तिचे सासरे. उभा जन्म पोस्टमनकी करून शहर पायाखाली घातलेला माणूस. मागच्या निवडणुकीत याच शाळेच्या फाटकापाशी दगडफेक झाली, पळापळीत ते पडले आणि खुबा मोडला. तेव्हापासून मतदानाचं नाव काढलं की तोंड फिरवत. महिनाभर ताईनं त्यांची मनधरणी केली होती. "बाबा, काही होणार नाही. जबाबदारी माझी," असं छातीठोकपणे सांगून ती आज त्यांना घेऊन आली होती. ते काठी टेकत रांगेत उभे राहिले आणि तिला इतका आनंद झाला की तिनं पंक्चरवाल्याच्या पाठीत धपाटाच घातला.

"अहो ताई, मत तुमच्या पक्षाला जाणार, आणि मार मला?" तो म्हणाला.

तेवढ्यात रस्त्याच्या टोकाकडून गलका आला.

दहा-बारा पोरं तरातरा येत होती. पुढे भोंगा, सगळे त्याला याच नावानं हाक मारत. टेम्पो चालवायचा, ताईच्याच पक्षाचा, आणि आवाज असा की प्रचाराला लाउडस्पीकर लागू नये. हातात जॅकचा दांडा.

"कुठंय तो पंक्चरवाला? आमच्या माणसांना रांगेतून हाकलतो काय?"

त्यानं फोन पुढे केला. व्हिडिओत पंक्चरवाला दोन्ही हात आडवे करून रांग मागं ढकलत होता. खाली लिहिलं होतं, 'आपल्या मतदारांना अडवलं, धावून या.' तिकडच्या पक्षाचा माणूस आणि अंगावर ना बिल्ला, ना खूण. तो जोडीतला आहे, हे व्हिडिओ बघणाऱ्याला कसं कळणार? चूक आपलीच, हे ताईला लख्ख कळलं. पंक्चरवाला पांढराफटक पडला, तरी जागचा हलला नाही.

ताई दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. गळ्यात अजून मोजायची टेप लटकत होती.

"अरे, म्हाताऱ्यांना पुढं सोडायला त्यानं रांग थांबवली होती. कुणाला हाकललं? एक नाव सांग."

"आमची माणसं!"

"आडनाव 'माणसं' का? तुझी आईच होती पुढं. ह्या आडदांडाच्या मागं व्हिडिओत दिसली नाही इतकंच. आत आहे ती."

"बाजूला हो ताई. आईला फोन लावतो, मग बघू."

"आत फोन चालत नाही. थांब जरा. मी खोटी ठरले तर पहिला दांडा मला घाल."

मागचा एकजण "काय ऐकत बसलायस" म्हणून पुढे सरकला. ताईनं हात आडवे केले. शेजारी पंक्चरवाल्यानंही केले. आता व्हिडिओ काढायचा तर काढा म्हणावं!

आणि फाटकातून भोंग्याची आई बाहेर आली. शाई लागलेलं बोट मिरवत, पंक्चरवाल्याला लांबूनच म्हणाली, "बरं केलंस बाबा, गुडघे दुखत होते." मग तिची नजर लेकावर गेली. "हे काय? टेम्पो बंद पडला?"

कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळेच हसले. भोंग्यानं दांडा पाठीमागं लपवला. पाचवीतल्या पोरानं सिगारेट लपवावी तसा.

"मत दिलंस का?" आईनं विचारलं.

"नाही अजून."

"मग धावून कुठं आलास? रांग तिकडं आहे."

पोरं पांगली. ताईनं श्वास सोडला आणि वळून पाहिलं. रांगेत सासरे नव्हते.

गलका ऐकून गेले असणार परत. आता ते कधी, कशावर विश्वास ठेवतील? गल्लीकडे, फाटकाकडे ती वेड्यासारखी धावली. आणि शाळेच्या पायऱ्या उतरत सासरे आले. एका हातात काठी, दुसऱ्या हाताच्या बोटाला शाई.

"बाबा! मला वाटलं, तुम्ही घरी गेलात."

"निघालोच होतो. फाटकापर्यंत आलो, तर तू त्या पोरांसमोर उभी. म्हटलं, मीच पळालो तर ही उभी कुणासाठी? गेलो आत."

ताईला हसू आणि रडू एकदमच आलं. तिनं त्यांना घरी न्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला.

"तुझं मत राहिलंय ना? जा, रांगेत लाग," ते म्हणाले आणि काठी रोवून पंक्चरवाल्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. "तोवर फाटकात मी आहे."