चार स्क्रू आणि दुसरा एसी

मी छतावरचा एक जुना एसी आहे, मित्रांनो, आणि आज मी चिडलेला आहे. म्हाताऱ्यांनी गोड बोलावे अशी तुमची अपेक्षा असेल, पण आज ते मला जमणार नाही.

माझे छत घराचे नाही, फिफ्थ व्हीलचे आहे. म्हणजे पिकअप ट्रकच्या पाठीवर मान टेकवून ओढला जाणारा मोठा कारवाँ. त्याच्या मध्यभागी स्वयंपाकघर, वर मी, आणि पुढच्या उंच भागात झोपायची खोली. माझी गार हवा छतातल्या नळीतून तिथपर्यंत जाते. माझा जन्म अमेरिकेतल्या कारखान्यात झाला. पहिला मालक मला घेऊन अबुधाबीला आला. तो दर महिन्याला माझे खालचे झाकण उघडायचा, आतली जाळी धुवायचा आणि शाबासकी देऊन थोपटायचा. तेव्हा मी ऐन ऑगस्टमध्ये लोकांना पांघरूण घ्यायला लावत असे!

तो मायदेशी परतला आणि कारवाँ चारुदत्तने घेतला. हा मूळचा पुण्याचा, नोकरी अबुधाबीतल्याच रुवैसच्या तेल रिफायनरीत, आणि तिथेच कारवाँ उभा करून हा माझ्या छताखाली राहतो. बायको मंजुषा आणि आठ वर्षांची मुग्धा मात्र शाळेसाठी तिकडे लांब शारजात, अल नहदाच्या फ्लॅटमध्ये. निदान उन्हाळ्याच्या सुट्टीत तिघांनी इथे एकत्र राहावे, एवढीच त्याची इच्छा.

माणूस भला. रोज पहाटे देवांना आंघोळ घालणार, उदबत्ती लावणार, धूप दाखवणार. पण देव्हारा नेमका माझ्या तोंडाखाली! तो सगळा धूर मी दोन वर्षे गिळला. जाळी धुवायची असते हे चारुदत्तला माहीतच नव्हते. शारजात बिल्डिंगचा माणूस येऊन एसी साफ करून जातो. तो काय उघडतो, काय धुतो, हे कोण बघते?

पहिल्या वर्षातच माझा श्वास कोंडला. गेल्या उन्हाळ्यात मायलेकी राहायला आल्या आणि घामोळे घेऊन तिसऱ्या दिवशी परतल्या. मग चारुदत्तने झोपायच्या खोलीत दुसरा एसी बसवायचे ठरवले. छतातल्या चौकोनी झरोक्यातला पंखा काढला आणि त्या चौकोनात नवे महाशय विराजमान झाले. मला काय होतेय, हे मात्र कुणी विचारले नाही.

यंदा जुलैत दोघी पुन्हा आल्या. चारुदत्तने ऐटीत दोन्ही एसी लावले. दहा मिनिटे मजेत गेली आणि खट्! सगळी वीज गेली. कारवाँ उभा होता त्या जागेची वीजजोडणीच एका एसीपुरती होती. पुन्हा लावले, पुन्हा खट्. एकटा नवा लावला तर झोपायची खोली गार आणि स्वयंपाकघराची भट्टी.

"बाबा, इट्स टू हॉट. कॅन वी गो होम?" मुग्धा म्हणाली.

मंजुषाने बॅगेची चेनसुद्धा उघडली नव्हती. "उद्या दुपारपर्यंत बघते, चारू. नाहीतर आम्ही चाललो. मागच्या वर्षीसारखं पोरीचे हाल नकोत."

चारुदत्तचा चेहरा पडला. मग त्याने माझ्याकडे बोट दाखवले. "सगळी वीज हा म्हातारा खातो. उद्या अरुणला बोलावतो आणि काढूनच टाकतो. खलास!"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मला काढून स्वयंपाकघर कसे गार होणार होते, देव जाणे.

सकाळी एसी दुरुस्त करणारा अरुण आला. त्याने झाकणाचे चार स्क्रू काढले आणि आतली जाळी बाहेर ओढली. ती काजळासारखी काळी होती. कारवाँभर धुपाचा वास पसरला.

"साब, ये फिल्टर कभी धोया है?"

"फिल्टर? वो तो बिल्डिंगवाला..." चारुदत्त जाळीकडे वाकून बघू लागला.

मंजुषाने जाळी हातात घेतली. "देवांना रोज आंघोळ, आणि याला दोन वर्षांत एकदाही नाही?" असे म्हणून ती स्वतःच नळाखाली धुवायला बसली. अरुणने माझ्या आतली काजळी ब्रशने झाडली.

"दोनों साथ में नहीं चलेगा, साब. कनेक्शन छोटा है," तो जाताना म्हणाला. "लेकिन ये पुराना अकेला काफी है."

मी जीव खाऊन चाललो. दुपारपर्यंत दोन्ही खोल्या गार झाल्या. मुग्धा पांघरुणात शिरली. मंजुषाने बॅगेची चेन उघडली आणि कपडे कपाटात लावले.

संध्याकाळी चारुदत्त मित्राला फोनवर सांगत होता, "अरे, दुसरा एसी बसवला ना! आता एकदम थंडगार!" नवे महाशय तेव्हा बंद होते. धूर गिळला तसा हा रागही मी गिळीन. पण एक गोष्ट काही केल्या गिळवत नाही.

मित्रांनो, कुठलीही जुनी वस्तू निकामी ठरवण्याआधी तिचे झाकण उघडून बघा. माझ्या झाकणाला चारच स्क्रू आहेत. ते गेल्या वर्षी कुणी फिरवले असते, तर मुग्धा तेव्हाच इथे राहिली असती आणि तो अख्खा उन्हाळा तिचा बाबा एकटा जेवला नसता.