मी अशुद्ध बोललो

मित्रांनो, मला पाहून दचकू नका. दचकण्याचे काम माझ्याकडेच असू द्या; त्याची मला सवय आहे. मी सागवानाची एक जुनी तबकडी आहे. तळहाताएवढी, वाटोळी, वरच्या कडेला एक भोक आणि त्यातून ओवलेली सुतळी. मारेगावजवळच्या एका शाळेत माझे आयुष्य गेले. मी कोणाला मारले नाही, ओरखडासुद्धा काढला नाही. तरीही त्या शाळेत माझ्याइतके भय कोणी पसरवले नसेल, आणि त्यातले निम्मे तरी माझ्याच अंगात मुरले आहे.

माझी घडण वाहिद मिस्त्रींच्या हातची. दाराच्या चौकटीतून उरलेला एक तुकडा त्यांनी उचलला, त्यावर रंधा फिरवला आणि लहान मुलाच्या गळ्यात घालायची वस्तू म्हणून कडा घासून घासून अगदी मऊ केल्या. त्यांची समजूत अशी की, मी बक्षिसाचा बिल्ला होणार.

“कोन्या खेळाचा बिल्ला हाये, सर?” त्यांनी विचारले.

समोर शाळेचे मुख्याध्यापक मारोतराव सर उभे होते. ते म्हणाले, “बिल्ला नव्हे, मिस्त्री. शाळेत जो विद्यार्थी वऱ्हाडी बोलेल, त्याच्या गळ्यात ही घालायची आहे. हिच्यावर लिहा, ‘मी अशुद्ध बोललो.’”

मिस्त्री खदखदून हसले. “मंग पह्यले मलेच घाला ना, सर! अन् एका तबकडीनं काय होते? पुरं जंगल तोडा लागन!”

सर हसले नाहीत. मिस्त्रींनी सळई निखाऱ्यात खुपसली. ती लाल होताना मी पाहत होते. अक्षरे जळत जळत माझ्या अंगात उतरली. भय म्हणजे काय, हे मी त्या क्षणी प्रथम जाणले.

मारोतराव सरांना तुम्ही दुष्ट समजू नये. तरुणपणी ते पुण्याला मुलाखतीस गेले असता त्यांच्या तोंडून ‘मले’ असा शब्द निघाला आणि समोरची माणसे हसली. ते हसू त्यांनी आयुष्यभर कानात वागवले. आपल्या विद्यार्थ्यांना पुढे कोणी हसू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. तेच सर रविवारी वणीच्या सभेत वेगळ्या विदर्भाच्या मागणीवर बोलत. “आमची माती, आमची बोली, आमचं राज्य!” असे ते म्हणत आणि मंडपात टाळ्यांचा कडकडाट होई. सोमवारी सकाळी मात्र माझी सुतळी त्यांच्या बोटांत असे. दोन्हीकडे त्यांचा स्वर मनापासूनचा असे. हे मला उमगत नसे, आणि जे उमगत नाही त्याची भीती अधिक वाटते.

माझा नियम साधा होता. ज्याच्या गळ्यात मी पडे, त्याने दुसऱ्या कोणाचा तरी वऱ्हाडी शब्द पकडायचा आणि मला त्याच्या गळ्यात घालून स्वतः मोकळे व्हायचे. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात मी राही, त्याने दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर उभे राहायचे. त्यामुळे मुले एकमेकांचे बोलणे चोरासारखे ऐकू लागली. मधल्या सुट्टीत जिवलग मित्रही एकमेकांच्या ओठांकडे पाहत डबा खात. मी छातीवर टेकले की आतले काळीज मला ऐकू येई. कोणाचे धडधडे, कोणाचे क्षणभर थांबल्यासारखे होई.

माझी स्तुतीही झाली बरे का! तपासणीस आलेल्या एका अधिकाऱ्यांनी मला हातात घेऊन म्हटले, “उत्तम कल्पना! वर्गात किती शांतता आहे!” शांतता खरीच होती. मुले शुद्ध बोलू लागली नव्हती. ती बोलेनाशी झाली होती.

त्यांच्यात सर्वांत गप्प होती नलू. ती कोलाम आदिवासींच्या वस्तीतली, म्हणजे पोडावरची मुलगी. घरी आजीशी कोलामी, वाटेवर मैत्रिणींशी वऱ्हाडी आणि शाळेत पुस्तकातली मराठी, अशी तिसऱ्या भाषेच्या उंबरठ्यावर ती रोज ठेचकाळे. तिच्या गळ्यात मी वारंवार असे. ती मुलगी, आणि माझ्यावर अक्षरे ‘बोललो’ अशी! म्हणजे तिच्या गळ्यात मीच अशुद्ध ठरत होते. परंतु हे कोणाच्या लक्षात आले नाही. पुढे नलूने बोलणेच सोडले. हजेरीलाही ती केवळ हात वर करी.

भाद्रपदातील एक दमट सकाळ होती. कोकिळा मॅडम धडा वाचून घेत होत्या. त्या नाशिककडून नुकत्याच बदलून आलेल्या, स्वभावाने मायाळू. मुले सतरंजीवर बसली होती आणि मी टेबलावर पडून होते. सतरंजीच्या दुमडलेल्या कडेतून काळे, पांढऱ्या पट्ट्यांचे काहीतरी निघाले, आयुष नावाच्या मुलाच्या पावलाला लागले आणि पुन्हा सतरंजीखाली शिरले. ती मण्यार होती. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही. आयुषने मुंगी चावल्यासारखा पाय खाजवला आणि पुन्हा पुस्तकात पाहिले. नलूने मात्र सारे पाहिले होते.

आमच्या भागात ज्याला दंश झाला त्याच्यासमोर सापाचे नाव घेत नाहीत. नाव घेतले तर विष चढते, अशी जुन्या माणसांची श्रद्धा. म्हणून ‘साप चावला’ असे न म्हणता ‘पान लागलं’ असे म्हणतात. नलूच्या आजीने तिला हेच शिकवले होते. कित्येक दिवसांनी ती उभी राहिली आणि पुटपुटली, “मॅडम, आयुषले पान लागलं.”

मॅडम प्रसन्न हसल्या. नलू बोलली, याचाच त्यांना आनंद झाला होता. “‘आयुषले’ नाही गं, ‘आयुषला’. आणि ‘पान लागलं’ नाही, ‘पान सापडले’ असे म्हणावे.”

त्या शब्दात साप होता, पण तो मॅडमना ऐकू आला नाही.

वर्गाला मात्र सारे कळले होते. मुलांनी हळूहळू पाय पोटाशी ओढून घेतले. सतरंजीखाली मृत्यू फिरत होता आणि वर एकाही मुलाचे तोंड उघडत नव्हते. जो ‘पान लागलं’ म्हणेल, त्याच्या गळ्यात मी जाणार होते. मित्रांनो, मला जीभ असती तर मी किंचाळले असते.

“नियम म्हणजे नियम हं, नलू,” असे म्हणत मॅडमनी हलकेच मला तिच्या गळ्यात घातले. आयुषच्या पापण्या जड होऊ लागल्या होत्या. नलूचे काळीज माझ्यावर इतक्या जोराने आदळत होते की, मला वाटले, मी आता चिरणार. तिने एकदा माझ्याकडे पाहिले. मी तर तिच्या गळ्यात आधीच होते. आता तिला आणखी कोण काय करणार होते?

“पान लागलं!” ती ओरडली. “अवो मॅडम, आयुषले पान लागलं! सतरंजीखाली हाये थे!”

“नलू! हे काय चालले आहे?”

तोच मागून दुसरा आवाज आला, “पान लागलं!” मग तिसरा, मग सारा वर्ग ओरडू लागला. व्हरांड्यातून मारोतराव सर धावत आले. दारात त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“कोठी? कोन्या पायाले?” ते ओरडले. “हालू नका रे कोनी! बाई, पोराले साप चावला म्हनून राह्यली ते! काहून उभ्या राह्यल्या तुमी? गाडी काढाले सांगा!”

मुलांना एकेक करून उचलून बाहेर काढले. आयुषला मोटारसायकलवर मध्ये धरून मारेगावच्या रुग्णालयात नेले. दुपार सरली तरी फोन येईना. मुले व्हरांड्यात भिंतीला चिकटून बसली. नलूने मला काढले नव्हते. तिच्या दोन्ही मुठी माझ्याभोवती आवळलेल्या होत्या. शेवटी फोन आला. आयुष शुद्धीवर होता. आणखी थोडा उशीर झाला असता तर श्वास थांबला असता, असे डॉक्टर म्हणाले होते.

शाळा सुटल्यावर कोकिळा मॅडम शिक्षकांच्या खोलीत डोके धरून बसल्या होत्या. “मला तो शब्दच ठाऊक नव्हता, सर,” त्या म्हणाल्या. मग डोके वर करून बोलल्या, “फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. कॉलेजात असताना वाचले होते. तिथे पूर्वी घरची ब्रेटन भाषा शाळेत बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी जोडा अडकवत आणि तो दुसऱ्याला पकडून त्याच्या गळ्यात घाली. अगदी आपल्यासारखेच. आता ती भाषा बोलणारी बहुतेक म्हातारी माणसेच उरली आहेत.”

“मंग ते लोक काय म्हनतात आता?”

“त्यांच्यात वाद आहे. काहींना स्वतंत्र देशच हवा, काहींना आपला कारभार आपल्या हाती हवा, आणि पुष्कळांना एवढेच हवे की, मुलांनी आपल्या भाषेत शिकावे.”

मारोतराव सर ताडकन उठले. त्यांचे डोळे पाणावले होते. “म्हनूनच वेगळा विदर्भ पाह्यजे, बाई! आपलं राज्य आलं की शाळेत आपली वऱ्हाडी आनू. पाट्या वऱ्हाडीत, पुस्तकं वऱ्हाडीत. जो वऱ्हाडी बोलनार नाही, त्याले...” ते थबकले. दारात नलू उभी होती. मला परत द्यायला आली होती.

तिने मला टेबलावर ठेवले. जाता जाता ती वळली आणि दबक्या आवाजात तिने विचारले, “सर, मंग तवा कोलामी बोलनाराच्या गळ्यात घालसान का हे?”

 नलू उत्तराची वाट पाहून निघून गेली.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझी सुतळी कोणाच्या गळ्यात पडली नाही. तरी माझे भय गेलेले नाही. सरांनी मला जाळले नाही. त्या दिवशी नलू गेल्यावर त्यांनी मला हातात घेतले, पालथे केले आणि माझ्या पाठीवरून अंगठा फिरवत ते उभे राहिले. मिस्त्रींनी माझ्या एकाच बाजूवर अक्षरे कोरली होती. दुसरी बाजू अजून कोरी आहे. त्या कोऱ्या बाजूवर उद्या कोणते राज्य, कोणती नवी शुद्ध भाषा सळई तापवील, हे मला ठाऊक नाही. तुम्ही मोठे व्हाल, आपल्या बोलीसाठी भांडाल, अवश्य भांडा. परंतु तुमच्यापुढे एखादे मूल अडखळत काही सांगू लागले, तर ते कसे बोलते हे पाहण्याआधी काय सांगते ते ऐका. आणि माझी ही पाठ तुमच्या हाती आली, तर हात जोडून विनविते, तिच्यावर काहीही लिहू नका.